गुहेत मी मध्ये नव्हते

मी मधून उठले म्हणून थोरल्या भावाचा पाय मोडला, असं आमच्या सगळ्या नातलगांनी ठरवून टाकलं आहे. वहिनी फोनवर तसं म्हणाली, मावशी घरी येऊन म्हणाली, आणि परवा एका लग्नात, हातात अक्षता असताना, एका चुलत काकूने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "तू होती ना वं मधी? मग असं कसं झालं?" मी हातातल्या अक्षता तिच्याच पायाशी टाकल्या आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिले. तेव्हाच ठरवलं की हे एकदा लिहून काढायचं. एकेकीला समजावत बसायला मला वेळ नाही, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नाही.

मला दोन भाऊ. थोरला यावल तालुक्यात केळी करतो. धाकटा बरीच वर्षं धुळ्यात आहे, त्याचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. मी वयानेही दोघांच्या मधली. जळगावात एका लॅबमध्ये मी लोकांचं रक्त काढते. सुई टोचताना माणसं माझ्याकडे बघत नाहीत, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात. त्याची मला सवय आहे. घरी मात्र त्याची सवय करून घ्यायला मी तयार नव्हते.

या दोघांचा अबोला आहे. थोरल्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छापून आली आणि तिच्यात निमंत्रकांत धाकट्याचं नाव नव्हतं. थोरला म्हणाला, छापखान्यावाल्याची चूक, आणि तसंही खाली 'समस्त परिवार' लिहिलंय, त्यात तो आलाच. धाकटा म्हणाला, छापखान्यावाल्याला आमच्या घरात कोण कोण आहे हे काय माहीत, यादी कोणी दिली ते बोला. लग्नाला आला, मंडपात उभा राहिला, पाण्याचा घोट न घेता निघून गेला. ती मुलगी आता दोन लेकरांची आई आहे आणि तिला त्या पत्रिकेचा रंगही आठवत नाही. या दोघांना तिच्यातला प्रत्येक काना-मात्रा पाठ आहे.

अबोला आमच्या भागात काही नवलाची गोष्ट नाही. पण अबोला धरला तरी कामं थांबत नाहीत. वडिलांचं श्राद्ध एकत्र करायचं असतं, विहीर एक असते, सोयरे तेच असतात. मग मध्ये एक माणूस लागतं. दोघं एकाच सतरंजीवर बसलेले असतात, एकाचं बोलणं दुसऱ्याला स्वच्छ ऐकू जात असतं, तरी ते मधल्या माणसाच्या तोंडून आल्याशिवाय ऐकलं असं धरायचं नाही. आमच्याकडे ते माणूस मी. पितृपक्षात पानं मांडली की माझं पान आपोआप दोघांच्या मध्ये पडतं. थोरला म्हणतो, "त्याले सांग, जेवून घे म्हना. का जेव्याले बी पत्रिका पाह्यजे?" मी धाकट्याला सांगते, "भाऊ म्हणतोय, पोटभर जेव." धाकटा म्हणतो, "त्याले सांग, मना घर उपाशी नही ऱ्हातस कोनी." मी थोरल्याला सांगते, "तो म्हणतोय, वरण छान झालंय." दोघांनाही ठाऊक असतं की मी गोड करून सांगते. दोघंही ते गोड ऐकून पुढचा घास घेतात. इतकी वर्षं मी हे केलं आणि मला एकदाही कोणी विचारलं नाही, की बाई, तुला काय म्हणायचंय?

आता सहलीचं. खतांच्या कंपन्या दुकानदारांना परदेशी नेतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. माल खपवला की विमानात बसवतात. या वेळी धाकट्याला एकट्याचं तिकीट लागलं. त्याच कंपनीने थोरल्याला प्रगतिशील शेतकरी म्हणून निवडलं, त्याला जोडीचं तिकीट. वहिनी विमानाला घाबरते. मग थोरल्याचा मला फोन. "बाई, तू चाल माह्यासंगं. बोर्निओ का काय म्हनतात, मोठमोठ्या गुहा आहेत तठी." मला भरून आलं. आजवर मी तिरुपतीच्या पुढे कुठे गेलेली नव्हते, आणि भावाला माझी आठवण झाली. तेवढ्यात तो पुढचं बोलला. "तोही येऊ राहिला म्हने. कोनीतरी पाह्यजे ना मधी."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्याशी उभी राहिले. नवरा म्हणाला, "तुझे भाऊ, तू बघ. फुकटात परदेश होतोय तर जाऊन ये." माझा नवरा कोणत्याच भानगडीत पडत नाही, म्हणून त्याला सगळे चांगला म्हणतात. मी गेले. गुहा बघायच्या होत्या म्हणून गेले, आणि रजा शिल्लक होती म्हणून.

मुंबईला विमानतळावर कंपनीच्या माणसाने आम्ही भावंडं आहोत हे ऐकून मोठ्या कौतुकाने तिघांना एका ओळीत जागा दिल्या. मधली माझी. पुढे दुसरं विमान, मग तिसरं लहान विमान, आणि प्रत्येक ठिकाणी तोच आनंदी माणूस आणि तीच मधली जागा. जंगलातल्या विश्रामगृहातही त्याने आम्हाला तीन खाटांची एक खोली दिली. "फॅमिली एकत्र," तो म्हणाला. मला त्याच्या हातातली कंपनीच्या नावाची प्लास्टिकची पाटी हिसकावून त्याच्याच डोक्यात घालावीशी वाटली.

ते जंगल मला आवडलं नाही, हेही सांगून टाकते. सगळे ग्रुपवर फोटो टाकून 'निसर्गाचा चमत्कार' लिहीत होते. आमच्या उन्हाळ्यात अंग भाजतं, पण सावलीत गेलं की सुटका असते. तिथे सावलीतच सगळं. झाडं इतकी दाट की भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखं वाटे, आणि हवा ओल्या धडप्यासारखी अंगाला चिकटलेली. पाऊस पडून गेला की झाडांवरून दुसरा पाऊस सुरू व्हायचा. कपडे वाळत नव्हते, बरोबर नेलेल्या दशम्यांना दुसऱ्याच दिवशी बुरशी आली, आणि मोज्यात शिरलेल्या जळवा रक्त पिऊन फुगल्यावरच कळायच्या. एक जळू माझ्या घोट्यावरून काढताना मी तिला म्हणाले, तुझं नि माझं काम एकच, पण मी निदान विचारून टोचते.

पहिल्या दिवशीची गुहा सगळ्यांना दाखवतात तशी होती. फळ्यांची वाट, कठडा, मध्ये मध्ये दिवे. तोंड एवढं मोठं की आमचा अख्खा बाजार आत मावला असता. आत शिरताच नाकात वास घुसला, कोंबड्यांच्या शेडमध्ये येतो तसा, पण डोळ्यांत पाणी आणणारा. छताला वटवाघळं लाखांनी असतील, आणि खाली त्यांच्या विष्ठेचा डोंगर, त्या डोंगरावर झुरळं वळवळतायत. बाकीच्या देशांतली माणसं नाकाला रुमाल लावून उभी होती. आमच्यातले दुकानदार कठड्यावरून वाकून तो डोंगर न्याहाळत होते. साक्रीचे एक दुकानदार म्हणाले, "बठ्ठं खतच शे हाई!" आणि मग यात नत्र किती, स्फुरद किती, यावर त्यांची चर्चा रंगली. थोरला मला म्हणाला, "त्याले सांग, याच्यात मीठ जास्त असंन, केळीले नाही चालनार." धाकटा म्हणाला, "त्याले सांग, धुवून वापरतस." मी कठड्याला धरून त्या वळवळणाऱ्या झुरळांकडे बघत होते आणि पहिल्यांदा मी निरोप पुढे दिला नाही. दोघांनीही ऐकलंच होतं. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत थांबून राहिले.

खोलीवर आलो. दुपारभर पाऊस कोसळत होता म्हणून सगळे आडवे झाले. माझी खाट मध्ये, डोक्यावर पंखा. थोरला म्हणाला, "त्याले सांग, पंखा कमी कर. मले थंडी वाजू राहिली." पंख्याचं बटण धाकट्याच्या उशाशी होतं. धाकटा म्हणाला, "त्याले सांग, मले घाम येस. पांघरून घे म्हना." थोरला म्हणाला, "त्याले सांग, धुळ्याले राहून भाषाबी बदलली त्याची." धाकटा उठून बसला. "त्याले सांग—"

"पुरे!" मी ओरडले. इतक्या जोरात, की शेजारच्या खोलीतलं हसणं बंद झालं. मी म्हटलं, "उद्यापासून मी तुमचं एक अक्षर इकडून तिकडे नेणार नाही. तोंडं दिली आहेत ना दोघांना? वापरा. मी मध्ये बसणार नाही, मध्ये झोपणार नाही, मध्ये चालणार नाही. मी माणूस आहे, टेलिफोनची तार नाही."

मग थोरला छताकडे बघत म्हणाला, "पाह्य, केवढी चिडली ती. त्याले सांग, त्याच्यामुळे."

मी खाट ओढत ओढत दाराबाहेर नेली. व्हरांड्यात डास होते, पावसाचे शिंतोडे येत होते, आणि त्या दुपारी मला जितकी छान झोप लागली तितकी कित्येक वर्षांत लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशीची गुहा वेगळी. ती आमच्यासारख्यांसाठी नव्हतीच. कंपनीच्या माणसाला काहीतरी भारी दाखवायचं होतं म्हणून त्याने ती ठरवली. डोक्यावर हेल्मेट, त्याला दिवा, फळ्या नाहीत, कठडा नाही. आत एक ओढा वाहतो आणि त्याच्यातूनच चालायचं. वाटाडा तिथलाच, बुटका, शांत माणूस. त्याने गुहेच्या तोंडाशीच नियम सांगितला: एकामागे एक चालायचं. आत पाण्याचा आवाज फार, त्यामुळे पुढून बोललेलं शेवटच्याला ऐकू येणार नाही. मी जे सांगेन ते प्रत्येकाने आपल्या मागच्याला सांगायचं, आपापल्या भाषेत. मागच्याने ऐकलं असं म्हटल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. कंपनीच्या माणसाने ते मराठीत सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या भावांनीही डोलावल्या. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आहे.

मी सरळ जाऊन वाटाड्याच्या मागे उभी राहिले. धाकटा म्हणाला, "अक्का, इकडे ये ना." मी वळूनही बघितलं नाही. बाकीचे लोक माझ्या मागे लागले आणि हे दोघं, नेहमी सगळ्यांपासून लांब राहायचं म्हणून मागेच रेंगाळणारे, आपोआप शेवटी उरले. पुढे धाकटा, मागे थोरला. त्यांच्याही मागे दुसरा एक वाटाडा होता. पण थोडं आत गेल्यावर दोंडाईच्याच्या दुकानदाराच्या बायकोचा जीव घाबरला, आणि तो तिला बाहेर सोडायला गेला. त्यामुळे थोरल्याच्या मागे कोणीच नव्हतं.

आता मी कबूल करते की तिथे मला बरं वाटायला लागलं. वास नव्हता. पाणी गुडघ्यापर्यंत, गार, आणि आमच्या तापीला कधी नसेल इतकं नितळ. दिवा फिरवला की भिंती ओल्या चमकायच्या. वर कुठेतरी चिमण्यांएवढे पक्षी टकटक असा आवाज करत अंधारात उडत होते. त्या आवाजावरूनच त्यांना भिंत कुठे आहे ते कळतं म्हणे. माझ्या उजव्या हाताला कोणी नव्हतं, डाव्या हाताला कोणी नव्हतं. वाटाडा सांगायचा, मी मागे सांगायचे, आणि माझं काम संपायचं. "डोकं सांभाळा." "इथे निसरडं आहे." साधी, खरी वाक्यं. गोड करायची गरज नाही.

एका वळणावर वाटाडा थांबला. डाव्या बाजूला पाण्याखाली खड्डा होता, खोल, कडा धारदार. उजव्या भिंतीला धरून चला, तो म्हणाला. मी मागे वळून साक्रीच्या दुकानदारांना सांगितलं. ते ओरडले, "डावा हातले खड्डा शे, उजवी भीत धरा!" तो निरोप एकेका तोंडातून मागे जाताना मला ऐकू येत होता. धाकट्याच्या पुढे जळगावचे एक फवारणी पंपांचे व्यापारी होते. नमाजाची वेळ चुकवायची नाही म्हणून सारखे घड्याळ बघायचे, पण माणूस अत्यंत सभ्य. त्यांचा आवाज मी ओळखला. "भाऊ, डाव्या बाजूला गड्ढा है, संभालके. मागच्यांना सांगा."

त्यानंतर आणखी एक आवाज यायला हवा होता. तो आला नाही. मी पुढे पाऊल टाकलं आणि मागून थोरल्याची किंकाळी आली.

त्याचा डावा पाय खड्ड्यात गेला, अंग उजवीकडे पडलं आणि नडगीचं हाड मोडलं. आम्ही पोचलो तेव्हा धाकटा त्याच्यापासून हातभर अंतरावर पाण्यात उभा होता. त्याच्या हातात दुकानातली मोठी बॅटरी होती, हेल्मेटच्या दिव्यावर त्याचा भरवसा नव्हता म्हणून धुळ्याहून आणलेली. ती त्याने थोरल्याच्या पायावर धरली होती. पंपवाल्या व्यापाऱ्यांनी पाण्यात बसून थोरल्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी पाय बघितला. मी डॉक्टर नाही, पण हाड कुठे असावं आणि कुठे नसावं एवढं मला कळतं.

"सांगितलं का नाहीस?" मी धाकट्याला विचारलं. ओरडून विचारलं. गुहेने ते दोनदा परत म्हटलं.

बाहेर काढायला फार वेळ लागला. स्ट्रेचर आलं. धाकट्याने पुढची बाजू धरली, म्हणजे मागे थोरल्याचं तोंड बघावं लागणार नाही. चिखलातून, मुळ्यांतून, पावसातून त्याने ती बाजू एकदाही दुसऱ्याकडे दिली नाही. लोक बदलायला म्हणाले तर मानेनेच नको म्हणायचा. हातांना फोड आले तरी सोडलं नाही. लोकांना त्याचं कौतुक वाटलं. मला संताप आला. एवढी ताकद होती तर चार शब्द जड झाले होते का?

पुढे नदीतून नावेने जायचं होतं. नावेत तो माझ्याशेजारी येऊन बसला. तोंड नदीकडे. "अक्का, मी दाखवलं त्याले," तो म्हणाला. "मांगे वळीसन बॅटरी मारी. खड्डावरच मारी. दोन घडी धरी ठेवी. त्याले दिसाले पाह्यजे व्हतं."

"तोंडाने सांगायचं होतं."

"दाखवलं ना मी," तो पुन्हा म्हणाला.

लहान विमानाने शहरातल्या इस्पितळात नेलं. पायात सळई घातली. बाकीची सहल पुढे गेली, आम्ही तिघं राहिलो. दुसऱ्या दिवशी थोरला गुंगीतून नीट बाहेर आला. धाकटा चहा आणायला खाली गेला होता. थोरल्याने दाराकडे बघून घेतलं आणि मला जवळ बोलावलं.

"त्यानं बॅटरी दाखोली बाई," तो म्हणाला. "मले वाटलं, पाय ठेव म्हनतो. मी ठेवला."

मी समजले. जो केळीच्या बागेत वाढला नाही त्याला हे समजणार नाही. आमच्याकडे वीज रात्री येते, म्हणून पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. मिसरूड फुटायच्या आधीपासून हे दोघं बरोबर जायचे. बॅटरी एकच, पुढच्याच्या हातात. पुढचा दोन पावलं टाकतो, थांबतो, बॅटरी मागे वळवतो आणि जमिनीवर एका जागी स्थिर धरतो. मागच्याने काही न बघता तिथेच पाय द्यायचा. तिथे साप नाही, काच नाही, चिखल नाही, हे पुढच्याने बघून ठेवलेलं असतं. बोलायचं काही नसतं. थोरल्याने त्या परक्या मुलखात, अंधारात, गुडघाभर पाण्यात, ज्याच्याशी तो बोलत नाही त्या भावाच्या उजेडात डोळे झाकून पाय ठेवला होता.

धाकटा खड्डा दाखवत होता. थोरल्याला वाटलं, वाट दाखवतोय. दोघांच्या अर्ध्या अर्ध्या गोष्टी आता माझ्याजवळ होत्या आणि त्या फक्त माझ्याजवळ होत्या.

"त्याले सांग," थोरला म्हणाला.

एक क्षण वाटलं, सांगावं, धावत खाली जाऊन सांगावं. पण मी सांगितलं असतं तर काय झालं असतं? धाकटा म्हणाला असता, अक्का, तू नेहमी गोड करून सांगतेस. इतकी वर्षं मी त्याला पोटभर जेव आणि वरण छान झालंय असलं खोटं पोचवत आले. त्याच तोंडातून हे एक खरं गेलं असतं तर त्याने ते त्याच ढिगात टाकलं असतं. हे वाक्य थोरल्याच्या तोंडूनच जायला हवं होतं. नाहीतर त्याला काडीची किंमत नव्हती.

"भाऊ, तुम्ही सांगा," मी म्हणाले. "तो आता येईल. आत्ता मला सांगितलं ना, तेच, तसंच सांगा. मी बाहेर जाते."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. "तू सांग."

"नाही."

"बाई, तू सांग ना वं."

"मी सांगणार नाही," मी म्हणाले, आणि माझ्या आवाजाची मलाच भीती वाटली. "हे मी सांगितलं तर मी मरेपर्यंत सांगतच राहीन."

धाकटा चहाचे पेले घेऊन दारात आला होता. मी त्याच्या हातातून एक पेला घेतला, बाहेर पडले आणि समोरच्या बाकावर बसले. दाराला काच होती. धाकट्याने एक पेला थोरल्याच्या उशाशी ठेवला, दुसरा घेऊन खिडकीपाशी उभा राहिला. थोरला त्याच्या पाठीकडे बघत होता. त्याचे ओठ हलले. मी पेला तसाच धरून बसले. आयुष्यात मी कधी देवाला नवस बोलले नाही, तेव्हा बोलले. बोल रे. एवढं एक वाक्य बोल.

तेवढ्यात नर्स आली. तिथलीच, डोक्याला रुमाल, हसरी. रक्तदाब बघायचं यंत्र घेऊन ती आत शिरली. दार अर्धं उघडंच राहिलं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. तिने थोरल्याच्या दंडाला पट्टा बांधला. धाकटा खिडकीतून वळला आणि तिला त्याच्या दुकानातल्या इंग्रजीत म्हणाला, "सिस्टर, आस्क हिम. पेन?"

ती गोंधळली. ज्याला विचारायचं तो त्याच्यापासून हाताच्या अंतरावर होता. पण तिने थोरल्याकडे बघून विचारलं, "पेन?"

थोरल्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग धाकट्याच्या चपलांकडे. मला माहीत होतं की त्याला काय सांगायचं आहे. ते वाक्य त्याच्या तोंडात होतं. "टेल हिम," तो म्हणाला. "नो पेन."

"नो पेन," नर्सने धाकट्याला सांगितलं.

धाकट्याने मान हलवली आणि चहा प्यायला.

माझी जागा भरायला त्यांना चहा निवण्याइतकाही वेळ लागला नव्हता. तिला मराठी येत नव्हती, आमचं घर माहीत नव्हतं, पत्रिका माहीत नव्हती, आणि तरी तिने माझं काम मी करते तसंच केलं. मी उठले की यांना बोलावंच लागेल, असं मला वाटत होतं. माझ्याशिवाय यांचं चालणार नाही, असंही वाटत होतं. दोन्ही खोटं निघालं. मी रागाने पेला बाकावर आपटला आणि चहा माझ्या साडीवर सांडला.

नर्स बाहेर आली. माझ्या साडीवरचा चहा बघून तिने कागदी रुमाल आणून दिले आणि माझ्याशेजारी जरा टेकली. आत बोट दाखवून, आवाज खाली आणून तिने मला इंग्रजीत विचारलं, हे दोघं एकमेकांना ओळखतात का?

मी काचेतून आत बघितलं. मग म्हणाले, "नाही."